काम प्रगतीपथावर

अमरावतीच्या कुठल्याही कॉलनीत शिरा, एक तरी भाऊसाहेब सापडतातच. साईनगरात सापडतात, रुक्मिणीनगरात सापडतात, कठोरा रोडच्या नव्या लेआउटात तर गल्लीला दोन. खूण सोपी आहे. अठ्ठावन्न पूर्ण, पेन्शन चालू, गुडघे शाबूत, पोट्टे पुण्याला, आणि पोर्चमध्ये स्कूटरच्या जागी ईझल. ईझलशेजारी हार्मोनियम. हार्मोनियमवर बोन्सायची कुंडी. कुंडीसाठी करायला घेतलेलं मॅक्रमेचं शिंकं तिसऱ्या ओळीच्या गाठींवर थांबलेलं आणि खिळ्याला लटकलेलं. त्याखाली कॅलिग्राफीत लिहिलेली पाटी, ‘सुस्वाग’. ‘तम्’साठी कागद पुरला नाही.

आमच्या गल्लीतले भाऊसाहेब पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. बाकीचे लोक छंद लावून घेतात, भाऊसाहेबांनी तो मंजूर करून घेतला. आधी एस्टिमेट केलं. पेन्सिली एचबी ते सिक्स-बी, पोस्टर कलर, जलरंग, गोल ब्रश, चपटे ब्रश, ड्रॉइंग बोर्ड, आणि शेवटी तीन टक्के आकस्मिक खर्च. कागद वहिनींपुढे ठेवला. वहिनींनी आकस्मिक खर्च खोडला आणि बाकीच्याला मान्यता दिली. महिन्याभरात भाऊसाहेब सुधारित अंदाजपत्रक घेऊन हजर. खात्यात याला सुप्रमा म्हणतात, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. धरण तेच, पाणी तेवढंच, आकडा नवा. वहिनींनी विचारलं, “चित्र किती झाले?” भाऊसाहेब म्हणाले, “भूसंपादन सुरू आहे.” त्याचा अर्थ, वहिनींच्या शिलाई मशीनची जागा ईझलसाठी पाहिजे होती.

या वयात चित्रकला काहून, याचं उत्तर त्यांच्याकडे तयार असतं. शाळेत असताना त्यांनी एलिमेंट्री दिली होती. सी ग्रेड मिळाली आणि इंटरमिजिएट राहून गेली. वऱ्हाडात ‘अनुशेष’ हा शब्द 1984 च्या दांडेकर समितीपासून चहाच्या टपरीवरही चालतो. सिंचनाचा अनुशेष, रस्त्यांचा अनुशेष, नोकऱ्यांचा अनुशेष. भाऊसाहेबांनी त्यात इंटरमिजिएटचा अनुशेष जोडला आणि तो स्वखर्चाने भरून काढायचं ठरवलं. (स्वखर्च म्हणजे वहिनींच्या भिशीचे पैसे.) वर दाखलाही जोडला, “टागोरांनी साठीनंतरच ब्रश हाती धरला. 1930 मध्ये पॅरिसला प्रदर्शन!”

“त्यांनी 1913 लाच नोबेल आणून ठेवला होता,” वहिनी पोळी लाटता लाटता म्हणाल्या. “तुम्ही आधी लाइटबिल भरून या.”

पुढच्या गल्लीत एटीडी, म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, झालेली एक मुलगी उन्हाळ्यात पोरांचा चित्रकलेचा वर्ग घेते. भाऊसाहेबांनी रीतसर फी भरून तिथे नाव घातलं. सतरंजीवर दुसरी ते पाचवीतली पोट्टी, आणि मागच्या भिंतीला टेकून, गुडघ्याखाली उशी घेऊन भाऊसाहेब. पहिल्याच दिवशी विषय होता ‘निसर्गदृश्य’. महाराष्ट्रातल्या तमाम पोरांचं निसर्गदृश्य एकच असतं. दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, डोंगरातून निघालेली नदी, नदीकाठी घर, घराशेजारी नारळ. शेजारच्या पोरानेही तेच काढलं. भाऊसाहेबांनी चष्मा वर केला.

“हे घर कुठं बांधलं तू?”

“नदीच्या बाजूला, आजोबा.”

“निळ्या रेषेच्या आत आहे हे. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर इथवर येते. लाल रेषा तर शंभर वर्षांची असते, ती पार त्या नारळाच्या मागे जाईन. परवानगी कोणी दिली?”

पोरगं रडकुंडीला आलं. बाईंनी मध्ये पडून घर डोंगरावर सरकवलं. भाऊसाहेबांनी मग नारळ धरला. अमरावती जिल्ह्यात नदीकाठी नारळ कुठे आहे, निंब काढा, बाभूळ काढा, डोंगर सातपुड्याचे काढा, वरून सपाट. हा मुद्दा माझ्या मते शंभर टक्के बरोबर होता. पण मान्य कोणी केला नाही, कारण नारळ सोपा असतो.

खरी अडचण तांब्याने केली. वस्तुचित्रासाठी बाईंनी स्टुलावर तांब्या ठेवला. वर्गातल्या पोरांनी दहा मिनिटांत वाकडेतिकडे का होईना, पण तांबे काढले. भाऊसाहेबांनी पाऊण तास घेतला आणि मधोमध सेंटर लाइन असलेला, दोन्ही बाजू बरोबर सारख्या, बूड पट्टीने आखलेलं, असा तांब्या सादर केला. शेजारी उंची, पोटाचा व्यास, पत्र्याची जाडी. खाली ‘छेद अ-अ’.

“काका, बूड सरळ नाही दिसत,” बाई म्हणाल्या. “आपण वरून पाहतो नं? तोंडाचा गोल चपटा दिसतो, आणि बूड डोळ्यापासून जास्त खाली म्हणून त्याचा गोल आणखी फुगीर दिसतो.”

“पण बाई, बूड सपाटच आहे. नाहीतर तांब्या ओट्यावर बसलाच नसता.”

“बसतो ते खरं, काका. पण दिसत तसं नाही.”

भाऊसाहेब घरी आले ते गंभीर होऊन. नोकरीभर त्यांनी जे काढलं ते जमिनीवर अजून नव्हतंच. कालवा आधी कागदावर, मग (निधी आला तर) मातीत. जे समोर आहे ते जसं दिसतं तसं काढणं हे त्यांच्या दृष्टीने कनिष्ठ लिपिकाचं काम, नकलेचं. तरी जिद्द सोडली नाही. सगळ्या छंदांत चित्रकलेवर त्यांचा जीव जास्त, तो यामुळेच असावा. हार्मोनियम ऐकून शेजारी तक्रार करतात, चित्र पाहून कोणी कटकट करत नाही, नुसते गप्प होतात.

मे महिन्यात त्यांनी घरच्या घरी इंटरमिजिएट घेतली. वेळ तीन तास, पर्यवेक्षक वहिनी, विषय स्थिरचित्र. परातीत दोन वांगी, एक कांदा, सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी आणि मागे जांभळा पदर. मे महिन्यातल्या अमरावतीत जलरंग करायचे म्हणजे काय, हे मुंबईच्या चित्रकाराला समजणार नाही. पुस्तकात लिहिलेलं असतं, ओल्या कागदावर रंगाचा सपाट थर वरून खाली सावकाश ओढत आणा. इथे बाहेर पंचेचाळीस. थर अर्ध्यावर येईपर्यंत वरचा भाग खडखडीत वाळतो आणि मध्ये काठ उमटतो, पूर ओसरल्यावर भिंतीवर राहतो तसा. म्हणून भाऊसाहेबांनी बोर्ड कूलरसमोर नेला. कूलरची हवा दमट, रंग वाळायचे थांबले आणि कागद फुगून उडायला लागला. कागदावर ठेवायला म्हणून त्यांनी परातीतला कांदा उचलला, म्हणजे स्थिरचित्रातली एक वस्तू अस्थिर झाली. दुसऱ्या तासाला पाहतात तर वांगी नाहीत.

“अहो, माझे मॉडेल कुठं गेले?”

“साडेबारा झाले. भरून टाकले,” पर्यवेक्षकांनी आतून सांगितलं. “सांभारही घेतला मी. तुम्ही आठवणीतून काढा नं, स्मरणचित्राचा पेपर होऊन जाईल तुमचा.”

वहिनींबद्दल इथेच सांगायला पाहिजे. त्या चित्रकार नाहीत, असं त्या आणि भाऊसाहेब दोघंही मानतात. नागपंचमीला देवघराच्या भिंतीवर त्या नऊ नागोबा काढतात, पेन्सिल न लावता, एका दमात, गॅसवरचं दूध उतू जायच्या आत. महालक्ष्म्यांपुढची त्यांची रांगोळी पाहायला मागच्या लेआउटातल्या बाया येतात. टीव्ही पाहता पाहता त्यांच्या हातून क्रोशाचा रुमाल होऊन जातो. वर्गाच्या बाई एकदा घरी आल्या, अंगणातल्या रांगोळीकडे बघत उभ्या राहिल्या आणि भाऊसाहेबांना म्हणाल्या, “काका, हे तुम्ही काढलं?” भाऊसाहेबांनी प्रामाणिकपणे सांगितलं, “नाही, हे असंच आहे.”

पावसाळ्यात त्यांनी ‘साइट’ सुरू केली. जुन्या अमरावतीभोवती निजामाच्या काळात पेंढाऱ्यांच्या धास्तीने बांधलेला परकोट आहे, त्याच्या दरवाज्यांचं रेखाटन करायचं ठरलं. पहिला जवाहर गेट. एखादा चित्रकार गेला असता तर कोपऱ्यात स्टूल टाकून बसला असता. भाऊसाहेब गेले ते पांढरा शर्ट, खिशात दोन पेन, हातात फाइल आणि तीस मीटरचा टेप घेऊन. रसवंतीवाल्या पोराला म्हणाले, “हे टोक धर रे जरा.” कमानीची रुंदी घेतली, वहीत लिहिली, दोन पावलं मागे येऊन एक डोळा मिटला आणि पेन्सिल आडवी धरून दुकानांच्या रांगेवरून फिरवली.

पहिल्यांदा टोपल्यावाल्या बाईने टोपल्या उचलल्या. मग चप्पलवाल्याने ताडपत्री गुंडाळली. “अतिक्रमणवाले आले” ही बातमी गांधी चौकापर्यंत पोचायला पाच मिनिटं पुरली. गाड्या हलल्या, फळ्या आत गेल्या, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा जवाहर गेट खालपासून वरपर्यंत मोकळा दिसला. भाऊसाहेबांना वाटलं, कलेचा मान ठेवून लोक बाजूला होऊन राहिले. त्यांनी हात जोडले. एक जण चहा घेऊन आला आणि हळूच म्हणाला, “साहेब, आपली लाइन जरा अलीकडून धरता येईन का?”

“लाइन जशी दिसते तशीच धरावी लागते,” भाऊसाहेब म्हणाले. वर्गाच्या बाईंचं वाक्य त्यांनी मनावर घेतलं होतं. चहावाला पांढराफटक पडला.

आता अकोल्याकडे वळतो, कारण भाऊसाहेबांचं निम्मं कलाजीवन अकोल्यावर चालतं. त्यांचे साडभाऊ तिथे असतात, जठारपेठेत. वहिनींच्या धाकट्या बहिणीचे यजमान, पीकेव्हीतून, म्हणजे पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून, निवृत्त. वनस्पतीवाले. साडभाऊंना दिसतं तसं काढता येतं, ही भाऊसाहेबांची ठसठसणारी जागा. पण त्यांचा आजार वेगळा. ते जे काही काढतात त्याच्या प्रत्येक भागावर बाण काढून नाव लिहितात. पळस काढला तर खाली ‘ब्युटिया मोनोस्पर्मा’. बायकोचं चित्र काढलं त्यात कुंकू, नथ आणि हनुवटी यांना बाण होते. रोज सकाळी घरच्या ग्रुपवर ते एक चित्र टाकतात. मागच्या दिवाळीत पाडव्याच्या शुभेच्छांसोबत गुलाबी बोंडअळी आली होती, अंडं, अळी, कोष, पतंग, चारही अवस्था रंगीत. चित्र अप्रतिम होतं. फराळाच्या ताटावर बसून ते पाहणाऱ्यांचं मात्र अवघड झालं.

या दोघांची चुरस कॉलनीला पाठ आहे. अकोल्यात बोन्साय झालं की अमरावतीत आठवड्यात वड कापला जातो. इकडे रेझिनचा ट्रे झाला की तिकडे पेपर क्विलिंगचा गणपती. शेवटी दोन्ही बहिणींनीच तोडगा काढला. दोघांनी मूर्तिजापूरला एकत्र बसून एकच चित्र काढायचं, शकुंतला रेल्वेचं. मूर्तिजापूर दोघांच्या मधोमध पडतं, आणि एक दिवस दोन्ही घरांत शांतता.

भाऊसाहेब हायवेने गेले. जून 2022 मध्ये याच अमरावती–अकोला रस्त्यावर पंचाहत्तर किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीजचा विक्रम झाला होता. त्याच आठवड्यात भाऊसाहेबांनी वहिनींचं व्यक्तिचित्र सुरू केलं होतं. त्याचा डावा कान अजून बाकी आहे. “रस्त्याला खड्डा पडला की बुजवता येते,” ते गाडीत म्हणाले, “कानाचं तसं नसते.”

शकुंतला म्हणजे यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही नॅरोगेज. वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरच्या वाटेला लावायला इंग्रज कंपनीने टाकलेली, दोन रुळांत 762 मिलिमीटर. आता गाडी बंद, रुळांत गवत. दोघे साडभाऊ पाठीला पाठ लावून दिवसभर बसले. मध्ये आलूपोहे आणि डबा झाला, एका पोराने “पिक्चरची शूटिंग आहे काय जी?” विचारलं. संध्याकाळी दोघांनी बोर्ड वळवले.

भाऊसाहेबांच्या चित्रात दोन रूळ होते, काटेकोर प्रमाणात, क्षितिजापर्यंत अजिबात जवळ न येणारे. दृष्टिक्रमाने रेषा एका बिंदूला मिळतात हे बाईंनी शिकवलं होतं, पण रूळ मिळाले तर गाडी घसरेल, हे त्यांना सहन झालं नाही. गवत नव्हतं. साडभाऊंच्या चित्रात तरोटा होता, गाजरगवत होतं, कुंदा होता, पानोपान, नावासकट. रूळ नव्हते. डबा, इंजिन, स्टेशन कोणीच काढलं नव्हतं.

“दोन्ही मिळून पुरं होते,” वहिनी म्हणाल्या आणि दोन्ही कागद एका फ्रेममध्ये शेजारी शेजारी बसवून भाचीच्या रुखवतात ठेवले. लग्न अकोल्याला. क्रोशाचे रुमाल, मोत्यांची तोरणं, लाडवांचे किल्ले यांच्यामध्ये ती फ्रेम. पाहुणे थांबत, मान वाकडी करत आणि अनारशांकडे सरकत. तेवढ्यात भाऊसाहेबांच्या काळातले एक जुने ठेकेदार वाकले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. दोन समांतर रेषा, शेजारी गवत.

“साहेब, हा आपला कोणता कॅनॉल? लाइनिंग तर फस्क्लास झालं. बिल निघालं का?”

भाऊसाहेबांची छाती चार बोटं फुगली. नोकरीत आणि कलेत मिळून एवढी नेमकी दाद त्यांना कोणी दिली नव्हती.

“निघेन,” ते म्हणाले. “अजून पाणी सोडायचं आहे.”