चारकोपात सुवासिक गुलाब कसा वाढवावा आणि वाचवावा

साहित्य : बारा इंची कुंडी, लाल माती, कुजलेलं शेणखत, निंबोळी पेंड, हाडांचा चुरा (घरात शाकाहारी सासूबाई असल्यास त्याला नुसतं ‘खत’ म्हणावं), धारदार कात्री आणि पहाटे साडेपाचला उठू शकणारा घरातला एक माणूस. बाकी सगळं नर्सरीत मिळतं.

आधी जागा. १९८५ साली सुरू झालेल्या प्रकल्पात जागतिक बँकेच्या पैशातून म्हाडाने मुंबईत चारकोपची सेक्टरं आखली. आखणाऱ्यांनी पाणी, गटार, रस्ते, मधला चौक, सगळ्याचा विचार केला. गुलाबाचा केला नाही. गुलाबाला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं. आपण बैठ्या घरावर एक मजला चढवला, समोरच्यांनी दोन. परिणामी आमच्या पायरीवर ऊन येतं ते साडेअकराला आणि पाऊण वाजता निघून जातं. यावर उपाय म्हणजे कुंडी सकाळी जिन्याच्या वळणावर, दुपारी दारात आणि चारनंतर समोरच्यांच्या बंद स्कूटरच्या सीटवर ठेवणे. स्कूटर सुरू झाल्यास हा उपाय बंद होतो.

मग जात. दुकानात प्लास्टिकमध्ये गुंडाळून मिळतो तो लांब दांड्याचा गुलाब विसरा. तो टिकण्यासाठी आणि प्रवासासाठी निवडत निवडत आणलेला आहे; त्या निवडीत वास कुठेतरी मागे राहून गेला. वासाचा झुडूपवजा गुलाब हवा तर इंग्लंडच्या डेव्हिड ऑस्टिन यांनी आयुष्यभर तेच केलं : जुन्या गुलाबांचा वास आणि नव्या गुलाबांचं पुन्हा पुन्हा फुलणं एकाच झाडात आणणं. त्यांचा १९८३ चा पिवळा ‘ग्रॅहम थॉमस’ फोटोत पाहावा. फोटोतच पाहावा. मी एका नर्सरीतून ‘अगदी तसाच’ म्हणून आणला होता. डोळा भरलेली, म्हणजे कलमाची, जागा मातीच्या वर राहील असा नीट लावला. पहिल्या जुलैत डोळ्याची फांदी वरून काळी पडत खाली आली, ज्याला शेंडेमर म्हणतात, आणि खालच्या खुंटाला जोमदार फुटवे आले. पाच पानांऐवजी सात-सात पानं. महिनाभर मी ते कौतुकाने वाढवले. खुंटाचा फुटवा दिसताच मुळाशी काढून टाकावा, हे मला पुढच्या वर्षी कळलं; तोवर तो शेजारच्या ग्रिलमध्ये शिरला होता.

त्यापेक्षा ‘ग्रुस आन टेप्लिट्झ’ बघा. रुडॉल्फ गेश्विंड यांनी १८९७ साली आणलेला, गडद लाल, दाट वासाचा, आपल्याकडच्या उन्हाला न घाबरणारा. नाव उच्चारायच्या भानगडीत पडू नये. ‘लाल, झुडपासारखा, वास मारणारा’ म्हणावं. ‘वास येणारा’ म्हटलं तर नर्सरीवाला ‘सगळ्यांनाच येतो’ म्हणतो. आणि काहीच जमलं नाही तर गुलाबी गावठी गुलाब आहेच. पेन्सिलीएवढ्या जाडीची काडी कुणाकडून मागून आणावी. वास घ्यायला सकाळी जावं. टळटळीत दुपारी वासाचं तेल उडून गेलेलं असतं आणि चांगली झाडंही नापास होतात.

आता पाऊस. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो, आणि गुलाबाला त्यातला फार थोडा हवा असतो. कुंडी विटांवर उचलून ठेवा, खालचं भोक मोकळं आहे का ते काडी घालून बघा. पानांवर काळे ठिपके येतीलच; ती पानं वेचून कचऱ्यात टाका, कुंडीत नव्हे. या काळात चौकातून सल्ला येऊ लागतो. एक काकू चहाचा चोथा देतात, दुसऱ्या अंड्याची टरफलं, तिसऱ्या केळ्याची सालं. नाही म्हणता येत नाही. सात घरांचा चोथा, तोही आलं-वेलची-साखरेसकट, पडल्यावर आमच्या कुंडीत मुंग्यांनी सोसायटी रजिस्टर करायची तेवढी बाकी ठेवली होती. चोथा धुऊन, वाळवून, चमचाभरच घालावा. उरलेल्याची रात्री गुपचूप विल्हेवाट लावावी.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात छाटणी. बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर तिरका काप, मेलेल्या आणि एकमेकींना घासणाऱ्या फांद्या साफ, कापांवर बोर्डो पेस्ट. छाटणी रविवारी करू नये. मी केली, तर समोरच्या वहिनी गॅलरीतून ओरडल्या, “अहो, जिवंत झाड का मारताय?” आणि संध्याकाळपर्यंत मी चार जणांना उत्तरं दिली. साधारण दीड महिन्यात फुलं येतात. तिथून खरं बागकाम सुरू.

कारण सहा वाजता फूल नसतं. रात्री अर्धवट उमललेल्या चार कळ्या मोजून झोपावं, सकाळी चार देठ मोजावेत. म्हणून साडेपाचचा माणूस. मी दार किलकिलं करून बसलो तेव्हा मागच्या गल्लीतल्या आजी दुधाच्या पिशवीसोबतच्या कॅरीबॅगेत तिसरं फूल टाकत होत्या.

“आजी, अहो...”

“देवाला नेतेय रे,” त्या म्हणाल्या आणि चौथं तोडलं.

यावर बागकामाच्या कुठल्याही पुस्तकात औषध नाही. मी फक्त एवढं सुचवलं की देठ ओढू नका, कात्रीने पाच पानांच्या वर कापा, म्हणजे नवा फुटवा चांगला येतो. दुसऱ्या दिवसापासून आजी कात्री आणू लागल्या. झाड खरोखर सुधारलं.

मार्चमध्ये त्यांनी दारात बरणी आणून ठेवली. पाकळीचा थर, खडीसाखरेचा थर, तीन आठवडे गच्चीवरच्या उन्हात.

“गुलकंद. फुलं तुझीच आहेत,” आजी म्हणाल्या, “पण साखर आमची, हे लक्षात ठेव.”