बिलदार

निजामी अमलात मराठवाड्यात जहागीरदार होते, वतनदार होते, करोडगिरीच्या नाक्यांवर नाकेदार होते. १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर ही मंडळी यथावकाश अस्तंगत झाली आणि 'दार' हा प्रत्यय आता निराश्रित होणार असे वाटत असतानाच मोटारीच्या विम्याने त्याला नवा आश्रय दिला. नांदेड-लातूर एस.टी.त मांडीवर फुगलेली कापडी पिशवी घेऊन, एक पाय किंचित लांब सोडून बसलेला जो प्रौढ गृहस्थ दृष्टीस पडतो, तो बिलदार होय.

त्याची सारी दौलत त्या पिशवीत असते: वर पंचनामा, त्याखाली फिर्यादीची नक्कल, एक्स-रे, आणि तळाशी औषधांची बिले. जहागीरदारांना सनदा वाळवीपासून जपाव्या लागत. याची बिले मशीनवरची असल्याने त्यांची अक्षरेच उडतात, म्हणून बिलांच्या झेरॉक्स आणि झेरॉक्सच्याही झेरॉक्स काढून तो वारसाची सोय करून ठेवतो.

मूळ वृत्तांत चार ओळींचा आहे. उसाच्या हंगामात अहमदपूरजवळ, दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरच्या मागल्या ट्रॉलीने वळणावर याची दुचाकी आडवी केली. लातुरात पायात सळई बसली. त्याने भरपाईचा दावा लावला, परंतु विमा कंपनीची कैफियत अशी, की विमा ट्रॅक्टरचा आहे, ट्रॉलीचा नाही. तो ट्रॅक्टर शेतीकामाचा असता ऊस भाड्याने वाहिला. चालकाचा परवाना संशयास्पद आहे. आणि अर्जदारास दुखापत झाली हेच मुळी कंपनीस मान्य नाही. ट्रॉलीने केली नव्हती एवढी इजा त्याला या शेवटच्या वाक्याने केली.

"पाय मोडलाच नाही म्हणं! अन् ट्राली काय एकलीच फिराया निघाली होती का, वकीलसाहेब?"

वकीलसाहेब पुढची पेशी सांगतात.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील भरपाईच्या अर्जाचे कलम १६६ तो कुलदैवताच्या नावासारखे उच्चारतो. बिल दाखल झाले म्हणजे सिद्ध झाले असे नव्हे, त्यासाठी डॉक्टराने साक्षीस यावे लागते, आणि डॉक्टरला नेमके त्याच दिवशी ऑपरेशन असते, हे ज्ञान त्याला चार तारखा तहकूब झाल्यावर प्राप्त झाले. न्यायाधिकरण कधीकधी कंपनीस 'आधी भरा, मग मालकाकडून वसूल करा' असा हुकूम देते, हे मात्र तो तीर्थ घेतल्यासारखे डोळे मिटून सांगतो. खोटे दावे लावणारेही पुष्कळ आहेत, हे मी जाणतो; पण त्यांचे प्रायश्चित्त याच्या पायाने घ्यावे, हे मला काही केल्या पटत नाही.

तेव्हा, वाचकहो, लोह्याला हा गृहस्थ तुमच्या शेजारी येऊन बसला, तर जागा अवश्य द्या, हवी तर खिडकीचीही द्या, पण "पायाला काय झालं, काका?" एवढे विचारू नका. चाकूर येईल, तरी ते पंचनाम्यावरच असतील.