ज्युरी

ज्युरींचं खरं नाव आता फक्त वीजबिलावर उरलं आहे. 'बेस्ट'मधून तिकीट तपासनीस म्हणून ते निवृत्त झाले, त्यालाही बरीच वर्षं झाली. पण समोर कुणी आलं की त्यांची नजर अजूनही चेहऱ्याआधी हाताकडे जाते. हातात तिकीट आहे की नाही, एवढ्यावरून त्यांना माणूस कळतो. दर जानेवारीत ते आमच्या वसाहतीचे मराठी चित्रपट पुरस्कार भरवतात. मतदार आम्ही, मतमोजणी त्यांची आणि निकालानंतरचे अबोले सगळ्यांचे.

असा माणूस हल्ली मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत कुठेही सापडतो. त्याने जन्मात कॅमेऱ्याला हात लावलेला नसतो, पण यंदाचा पुरस्कार चुकीच्या चित्रपटाला गेला तर त्याची जबाबदारी आपल्यावर आहे, असं त्याला मनापासून वाटत असतं. टीव्हीवर सोहळा ऐन रंगात आला की तो उठून पाणी प्यायला जातो. "मला नाही बघवत," असं म्हणून पाणी न पिताच परत येतो.

पण आमच्या दिंडोशीतला नग वेगळा, कारण दिंडोशीच वेगळी. १९७७ साली शेजारी चित्रनगरी झाली, पुढे तिला दादासाहेब फाळक्यांचं नाव मिळालं. इतर उपनगरांत सिनेमा पडद्यावर दिसतो, आमच्याकडे तो रस्त्यावरून जातो. सकाळी दूध आणायला निघावं तर टेम्पोतून देवळाचा कळस चाललेला असतो आणि कळसाला टेकून दोन पोरं झोपलेली असतात. रिक्षात शेजारी बसलेला ऋषी जटा मांडीवर घेऊन वडापाव खात असतो. प्रत्येक इमारतीत एखादा स्पॉटदादा, एखादा लाइटमन, साड्यांना पिना लावणारा एखादा ड्रेसदादा आणि गर्दीत उभं राहणारी एखादी मावशी असतेच. त्यातून आमची वस्ती पडली चळवळीची. मृणाल गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नागरी निवारा परिषदेने ती उभी केली, त्यामुळे बैठक, ठराव आणि मतदान यांशिवाय इथे काही होत नाही. गच्चीचं दार किती वाजता बंद करायचं यावरही इथे मतविभागणी झालेली आहे. या मातीत ज्युरी न उगवते तरच नवल.

त्यांचा नियम क्रमांक एक: ज्याने तिकीट काढून चित्रपट पाहिला, त्यालाच मत. मतपत्रिका हवी असेल तर तिकीट दाखवायचं. दाखवलं की ज्युरी त्याला भोक पाडतात. एकाच तिकिटावर दोघांनी मत देऊ नये म्हणून. त्यासाठीचा चिमटा त्यांनी नोकरीतूनच आणला असावा, असा सगळ्यांचा समज आहे आणि तो खोडून काढायचा त्यांनी कधी प्रयत्न केलेला नाही. 'झी टॉकीज'च्या 'महाराष्ट्राचा फेव्हरेट कोण?'मध्ये प्रेक्षकांच्या मतांवर निकाल लागतो, हे ते मान्य करतात. घरातल्या सगळ्या मोबाइलवरून स्वतःही इमानेइतबारे मत देतात. पण तिथे तिकीट विचारत नाहीत. तिथल्या मतदारांना ते एका शब्दात निकालात काढतात: "विनातिकीट."

हा नियम मोडला तो मॉलने. मल्टिप्लेक्सचं तिकीट ज्या कागदावर छापतात, त्याची शाई काही महिन्यांत उडून जाते. फेब्रुवारीत पाहिलेल्या चित्रपटाचं तिकीट डिसेंबरपर्यंत नुसता पांढरा कपटा होतो. पहिल्या वर्षी लोकांनी असे कोरे कपटे आणून दिले आणि प्रत्येकाने त्यावर आपल्याला हवं ते नाव सांगितलं. आता तर तिकीट मोबाइलमध्येच असतं. मोबाइलला भोक पाडता येत नाही, ही ज्युरींच्या आयुष्यातली मोठी खंत आहे.

शिवाय तिकीट काढणार कधी? मराठी चित्रपट लागतो शुक्रवारी सकाळी सव्वादहाला आणि दुसऱ्या शुक्रवारी मॉलच्या माणसाला त्याचं नाव विचारलं तर तो, "कौनसा?" म्हणतो. एप्रिल २०१५मध्ये तेव्हाचे सांस्कृतिक कार्यमंत्री विनोद तावडे यांनी मल्टिप्लेक्सना संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत मराठी चित्रपट दाखवायला लावणार असं जाहीर केलं, तेव्हा ज्युरींनी पेढे आणले होते. थोड्याच दिवसांत ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ऐसपैस झाली. पेढे खाऊन झाले होते. त्याच महिन्यात चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' लागला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवून आलेल्या या चित्रपटाला आमच्या वसाहतीत एकच मत पडलं. ते दिंडोशीच्या न्यायालयात शिपाई असलेल्या गृहस्थांचं होतं. "आवडला का?" असं विचारल्यावर ते म्हणाले, "रोजचंच आहे हो. पण तिथे बसायला मिळालं."

ज्युरींना इतिहासाचा मोठा आधार वाटतो. 'फिल्मफेअर'चे पुरस्कार १९५४ साली सुरू झाले, तेव्हा मासिकाच्या वाचकांनी मतं पाठवली होती, वीस हजारांवर, आणि पुरस्कार होते फक्त पाच, हे ते दर बैठकीत सांगतात. त्या वर्षी 'दो बिघा जमीन' निवडला गेला. "लोकांना कळतं!" म्हणताना त्यांचा आवाज किंचित चिरकतो. मग प्राण यांचा विषय निघतो. 'पाकीज़ा'च्या संगीतासाठी गुलाम मोहम्मद यांना डावललं म्हणून या माणसाने आपल्याला मिळालेला पुरस्कार नाकारला, हे सांगताना ज्युरी उभे राहतात. त्यानंतर खाली बसून, आवाज उतरवून, ऋषी कपूर. 'बॉबी'साठीचा पुरस्कार आपण पैसे देऊन मिळवला, असं त्यांनी २०१७च्या आत्मचरित्रात लिहून टाकलं. "म्हणून आपल्याकडे मतपेटीला कुलूप," असं ज्युरी म्हणतात. आमच्या पुरस्कारासाठी कुणी पैसे देईल ही शक्यता त्यांनी गंभीरपणे विचारात घेतलेली आहे. वसाहतीतल्या काही जणांना ती मोहकही वाटते.

सगळ्यात मोठी लढाई झाली २०१६च्या चित्रपटांवरून. वर्षाच्या पहिल्याच दिवशी 'नटसम्राट' आलेला, एप्रिलअखेर 'सैराट'. पन्नाशीच्या पुढचे सगळे नाना पाटेकरांच्या मागे, पन्नाशीच्या आतले सगळे आर्ची-परशाच्या मागे. नातवंडं आजोबांशी बोलेनात. तेव्हा ज्युरींनी पसंतीक्रमाची पद्धत काढली. विधान परिषदेला आमदार देतात तशी मतं द्यायची: एक, दोन, तीन. ऑस्करवालेही २००९च्या चित्रपटांपासून सर्वोत्कृष्ट चित्रपट असाच निवडतात, हे त्यांनी फळ्यावर लिहून लावलं. कल्पना अशी की भांडणारे दोन्ही पक्ष दुसरी पसंती 'व्हेंटिलेटर'ला देतील, तो सगळ्यांना थोडाथोडा आवडलेला आहे, म्हणजे तोच निवडून येईल आणि शांतता नांदेल.

दुसरी पसंती सगळ्यांनी 'व्हेंटिलेटर'लाच दिली. पण या पद्धतीत पहिली पसंती ज्याला सर्वांत कमी, तो आधी बाद होतो. 'व्हेंटिलेटर'ला पहिली पसंती तिसऱ्या मजल्यावरच्या एकाच कुटुंबाची होती. त्यांचे काका त्या वर्षी खरोखरच इस्पितळात होते. सगळ्यांचा लाडका चित्रपट पहिल्याच फेरीत गेला आणि बरोबरीत अडकलेल्या दोघांचा निकाल त्या कुटुंबाच्या दुसऱ्या पसंतीवर येऊन ठेपला. ज्युरींनी मतपत्रिका उलगडल्या. दुसरी पसंती कोरी. तिसरी कोरी. एकीवर मागच्या बाजूला औषधांची यादी.

"अहो, दुसरा आकडा घालायचा होता ना!"

"आम्ही दुसरा पाहिलाच नाही, ज्युरी. तुम्हीच म्हणालात, न पाहिलेल्याला मत द्यायचं नाही."

नियम क्रमांक एक आपल्याच अंगावर आलेला पाहून त्यांनी चिमटा खिशात ठेवला. चिठ्ठी टाकली, 'सैराट' निघाला. पन्नाशीच्या पुढच्यांनी चिठ्ठी कुणी घडी केली याची चौकशी मागितली.

पण ज्युरींचा खरा कस लागला तो नियम क्रमांक दोनमध्ये: ज्याने ज्या चित्रपटात काम केलं, त्याने त्याला मत देऊ नये. कागदावर अगदी रास्त. दिंडोशीत मात्र या वाक्यासरशी अर्धी वसाहत मतदारयादीतून उडाली. सगळ्यांत आधी गर्दीत उभ्या राहणाऱ्या मावशी वर आल्या.

"ज्युरी, मी त्या पिक्चरमध्ये दोन दिवस प्रेत होऊन पडलेय. प्रेताचा कसला आलाय हितसंबंध?"

"पैसे मिळाले ना मावशी?"

"मिळायचेत अजून."

ज्युरींना घटनात्मक पेच पडला. मानधन मिळालेलंच नाही, तर काम केलं असं धरायचं का? मावशींना तात्पुरती मतपत्रिका मिळाली.

गंमत म्हणजे वसाहतीत सिनेमा खऱ्या अर्थाने कळतो तो याच उडालेल्या मंडळींना. ड्रेसदादा चित्रपट बघताना एकदम "पिन!" म्हणून ओरडतो, कारण आदल्या शॉटला ती डाव्या खांद्यावर होती. लाइटमन कथेबद्दल चकार शब्द काढत नाही. रात्रीच्या प्रसंगात चंद्र कोणत्या खिडकीतून आला आणि सावली कुठे पडली, एवढंच सांगतो आणि ऐकणाऱ्याचा चित्रपट तिथेच संपतो. आमच्या शिकलेल्या मंडळींच्या 'हृदयस्पर्शी' आणि 'वेगळा विषय' या दोन शब्दांपेक्षा मला तरी त्यांचं परीक्षण मोलाचं वाटतं. पण बारा तासांची शिफ्ट करून आलेला माणूस सव्वादहाच्या खेळाला कुठून जाणार? त्याच्याकडे तिकीट नसतं, म्हणून तो नियम एकमध्ये बाद. त्याने काम केलेलं असतं, म्हणून नियम दोनमध्ये बाद. दोन्ही नियमांतून सुखरूप पार पडलेला मतदार म्हणजे ज्याने सिनेमा केलेला नाही आणि जो कोरा कपटा दाखवून मत देतो, पण चित्रपट रविवारी दुपारी टीव्हीवर अर्धा बघून झोपी जातो. असे मतदार भरपूर आहेत आणि त्यांचा उत्साह दांडगा असतो.

ज्युरी स्वतः मात्र चित्रपटगृहातून सगळ्यांत शेवटी उठतात. दिवे लागतात, झाडूवाला आत येतो, तरी हे खुर्चीत ताठ बसून नामावली वाचत असतात. आपल्या बी विंगचा स्पॉटदादा त्यात आहे का, आडनाव बरोबर छापलंय का, हे बघतात. एकदा ते चुकलेलं होतं. ज्युरींनी निर्मात्याला रजिस्टर्ड पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही, पण पोचपावती आली. ती फाइलला आहे. पुरस्कारविजेत्यांनाही ते असंच पत्र पाठवतात आणि शाल-श्रीफळ घेण्यासाठी दिंडोशीला बोलावतात. अद्याप कुणी आलेलं नाही. एका वर्षी ते स्वतःच शाल-श्रीफळ घेऊन चित्रनगरीच्या फाटकावर गेले, तर रखवालदाराने पास मागितला. आयुष्यभर दुसऱ्यांना तिकीट विचारलेल्या माणसाला तो प्रश्न इतका आवडला की त्यांनी नारळ त्यालाच दिला. शाल वहिनींनी ठेवून घेतली आहे.

यंदाच्या बैठकीत स्पॉटदादा उभा राहिला. म्हणाला, "ज्युरी, अभिनय, संगीत, सगळं ठीक आहे. पण आम्हाला मत नाही, तर आमचा एक विभाग तरी करा. उत्कृष्ट पेमेंट." खूप टाळ्या पडल्या, त्यांतल्या निम्म्या प्रेतमावशींच्या. आमच्याकडे हिशेब नव्वद दिवसांनी चुकता होतो, तोही झाला तर, हे सगळ्यांनाच ठाऊक. ज्युरींनी क्षणभर डोळे मिटले, नियमावली चाळली आणि ठराव मांडला. या विभागात मतदानासाठी तिकिटाची अट नाही आणि काम केलेलं असणं सक्तीचं. ठराव एकमताने मंजूर झाला; आमच्या वसाहतीत तसं पहिल्यांदाच झालं असावं.

नामांकनांची मुदत गेल्या आठवड्यात संपली. एकही चित्रपट सुचवला गेला नाही. ज्युरींनी मुदत नव्वद दिवसांनी वाढवली आहे.