सात पाठांत नोकरी (आठवा आपोआप येतो)

हे मार्गदर्शन नवशिक्यांसाठी आहे. नवशिका कोण? अर्ज केला की उत्तर येतं, असं ज्याला अजून वाटतं तो. ज्यांचा हा समज गेला असेल त्यांनी थेट सहाव्या पाठावर जावं. तिथे निदान कुणीतरी लगेच उत्तर देतं.

माझी पात्रता विचाराल तर पुण्यात कंपनीने 'पुनर्रचना' केली आणि नव्या रचनेत मी बसलो नाही. पुढचे सात महिने मी फोनवर अंगठा फिरवत काढले. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमवार देत आहे.

लागणारं साहित्य

एक फोन, ज्यात 'जागा शिल्लक नाही' असा संदेश येत नाही. एक ईमेल पत्ता. दहावीत काढलेला, ज्यात 'किंग' आणि जन्मसाल आहे, तो नको. एक शंभर पानी वही. तिचा उपयोग सातव्या पाठात कळेल. आणि एक मामा. मामा आणावा लागत नाही. तो दर रविवारी फोन करून "मग, काय झालं रे त्या पुण्याच्या कंपनीचं?" असं विचारतोच.

पाठ पहिला : नाव घालणं

वडिलांच्या पिढीत "एम्प्लॉयमेंटला नाव घातलं का?" असं विचारत. सेवायोजन कार्यालयात रांग लावायची, कार्ड घ्यायचं आणि मुदत संपायच्या आत त्याचं नूतनीकरण करत राहायचं. १९५९ सालच्या कायद्याने मालकांना रिकाम्या जागा त्या कार्यालयाला कळवणं भाग पाडलं. तिथूनच माणूस घ्या, असं मात्र म्हटलं नाही. आता ती रांग मोडली असं लोक म्हणतात. मोडलेली नाही, फोनमध्ये आली आहे. फक्त पुढच्या माणसाची पाठ दिसत नाही.

नाव घालायच्या जागा पुष्कळ आहेत. नोकरी डॉट कॉम १९९७ पासून आहे, लिंक्डइन २००३ पासून. केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस २०१५ मध्ये आलं, आणि वडिलांच्या त्या कार्डाचं काम आपल्या राज्यात आता महास्वयमवर चालतं. सगळीकडे नाव घाला. पद्धत सगळीकडे सारखीच आहे: आधी रेझ्युमे अपलोड करा. झाला? आता त्या रेझ्युमेत जे लिहिलं आहे तेच खालच्या चौकटींत पुन्हा लिहा.

काही ठिकाणी यंत्र रेझ्युमे वाचून चौकटी स्वतःच भरतं. नवशिक्याने तेव्हा हुरळून न जाता एकेक चौकट तपासावी. एका यंत्राने माझी शेवटची कंपनी 'मु. पो. तासगाव' आणि पदनाम 'जि. सांगली' असं भरलं होतं. ते तसंच पाठवून मी चार दिवस वाट पाहत बसलो.

पाठ दुसरा : एटीएस

मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी माणूस वाचत नाही. ते जमा करून, चाळून, क्रमाने लावणारी एक प्रणाली असते. तिला सगळे एटीएस म्हणतात. नवशिक्याने घरी फोन करून "माझं एटीएसमध्ये अडकलंय" असं सांगू नये. महाराष्ट्रात एटीएस म्हणजे दहशतवादविरोधी पथक. माझ्या आईने वाक्य पूर्ण ऐकलं नाही. दहा मिनिटांनी मामाचा फोन आला, आणि त्या दिवशी रविवार नव्हता.

या यंत्राला सौंदर्यदृष्टी नसते. दोन कॉलमांचा आराखडा, तक्ते, कोपऱ्यातला गोल फोटो, कौशल्यांपुढे पाचपैकी साडेतीन तारे, यांतलं काय त्याच्या डोक्यात कसं शिरेल याचा भरवसा नाही. एक कॉलम, साधा फॉन्ट, सरळ मथळे. जाहिरातीत 'एमएस एक्सेल' असेल तर 'संगणकाचं उत्तम ज्ञान' असं मोघम लिहू नका, एक्सेल लिहा. अर्थात येत असेल तर.

काही हुशार मंडळी पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत जाहिरातीतले सगळे शब्द दडवून ठेवतात. ही तळहातावर लिहून नेलेली कॉपीच आहे. यंत्र सगळी अक्षरं एकाच रंगात बाहेर काढतं आणि मग पलीकडच्या माणसाला आपला तळहात स्वच्छ दिसतो.

पाठ तिसरा : नित्यकर्म

माणसं शोधणाऱ्यांना पोर्टलवर चाळणी लावता येते: अलीकडे कोण सक्रिय होतं, कुणाची माहिती ताजी आहे. म्हणून जाणकार रोज सकाळी प्रोफाइल 'हलवतात'. आज सारांशाच्या शेवटचा पूर्णविराम काढायचा, उद्या परत घालायचा. आई तुळशीला पाणी घालते त्याच वेळेला मी पूर्णविराम घालत असे. फरक इतकाच की तुळस वाढली.

याच पाठात दोन चौकटी येतात. पहिली नोटिस पिरियडची. कंपनी सोडताना नव्वद दिवस थांबा, असं करारात लिहून घेणारेच जाहिरातीत 'तत्काळ रुजू होणारा हवा' असं लिहितात. माझी अडचण उलटी होती. 'शून्य दिवस' लिहिलं की प्रत्येक जण आधी "का बरं?" असं विचारी. या प्रश्नाला एका वाक्याचं खरं उत्तर तयार ठेवा आणि दुसरं वाक्य बोलू नका.

दुसरी चौकट सीटीसीची. सीटीसी म्हणजे लग्न ठरवताना पाहुण्यांना सांगायचा पगार. त्यात तुमच्या नावाने कंपनी भरते तो पीएफ असतो, अनेकदा ग्रॅच्युइटी आणि विम्याचा हप्ताही असतो, आणि वर्षाअखेरीस मिळाला तर मिळेल असा बोनस असतो. महिन्याला हातात काय पडेल हे होकार देण्यापूर्वी विचारा. विचारणं उद्धटपणाचं वाटतं खरं, पण घरमालक सीटीसीत भाडं घेत नाही.

पाठ चौथा : लिंक्डइनची भाषा

इथे कुणाची नोकरी जात नाही. सगळे 'नव्या संधीच्या शोधात' असतात. कुणाला बढती मिळाली की तो 'नम्र' होतो आणि तसं दोन हजार लोकांना कळवतो.

२०२० पासून फोटोभोवती हिरवं कडं लावायची सोय आहे: काम हवं आहे, ही खूण. ते सगळ्यांना दाखवायचं की फक्त भरती करणाऱ्यांना, हे निवडता येतं. सध्या नोकरीत असाल तर दुसरा पर्याय घ्या. पण तुमच्याच कंपनीच्या भरतीवाल्यांना ते दिसणार नाही याची पक्की हमी लिंक्डइनही देत नाही. मी सगळ्यांना दाखवलं. पहिल्या दिवशी तीन विमा एजंट भेटले.

या ठिकाणाचा खरा उपयोग ओळख काढण्यासाठी. आपल्या कॉलेजचं, जुन्या ऑफिसातलं कोण कुठे आहे ते पाहायचं आणि रेफरल मागायचा. बऱ्याच कंपन्या रेफरल देणाऱ्याला बक्षीस देतात, त्यामुळे समोरच्यावर आपण फार मोठं ओझं घालतोय असं मानू नका. मात्र 'हाय सर' एवढंच पाठवून वाट पाहू नका. सर 'हाय' म्हणत नाहीत. मी कोण, जाहिरातीचा क्रमांक काय, मी त्यात का बसतो, अशा तीन ओळी आणि सोबत रेझ्युमे.

पाठ पाचवा : सरकारी अर्ज

ज्याला अंगात चिकाटी आहे असं वाटतं त्याने बँक परीक्षेचा अर्ज भरून पाहावा. फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी, डाव्या अंगठ्याचा ठसा, आणि एक प्रतिज्ञापत्र इंग्रजीत, स्वतःच्या हाताने लिहिलेलं. सहीत किंवा प्रतिज्ञापत्रात सगळी कॅपिटल अक्षरं चालत नाहीत. माझी सही ९ केबी भरत होती. वजन वाढवण्यासाठी मी ती ठळक पेनाने केली, तर २३ झाली.

तालुक्याच्या गावी हे काम नेट कॅफेवाला करून देतो. त्याला सगळ्या गावाची जन्मतारीख, जात प्रमाणपत्राचा क्रमांक आणि पासवर्ड तोंडपाठ असतो. नवशिक्याने पासवर्ड स्वतःकडे ठेवावा, अर्जाची आणि पावतीची प्रत स्वतःच्या ईमेलवर घ्यावी, आणि शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. शेवटच्या दिवशी पडद्यावर एक गोल फिरत राहतो आणि कॅफेवाला "सर्व्हर डाऊन" म्हणून चहा मागवतो.

आकडेही माहीत असावेत. २०२३ च्या तलाठी भरतीत जागा साडेचार हजारांच्या आसपास होत्या, अर्ज दहा लाखांहून अधिक. शुल्क खुल्या गटाला १,००० रुपये, राखीव गटाला ९००. गुणाकार नवशिक्याने स्वतः करावा. अंकगणित अभ्यासक्रमात आहेच.

पाठ सहावा : नोकरीच आपल्याला शोधत येते तेव्हा

एके दिवशी व्हॉट्सॲपवर आपुलकीने भरलेला संदेश येतो. घरबसल्या काम, अनुभवाची अट नाही, दिवसाला तीन हजार. तुम्ही 'हो' म्हणताच दहा सेकंदांत उत्तर! सात महिन्यांत इतक्या तत्परतेने माझ्याशी दुसरं कुणी बोललं नव्हतं. तेवढ्यासाठी मी पाच मिनिटं बोलत राहिलो, हे कबूल करतो.

कृती अशी असते. व्हिडिओंना लाइक द्यायचे, हॉटेलांना तारे द्यायचे. शे-दोनशे रुपये खरंच खात्यात येतात. मग टेलिग्रामच्या गटात घेतात, तिथे 'प्रीपेड टास्क' लागतो: आधी भरा, मग दुप्पट घ्या. भरलेले येत नाहीत. दुसरा प्रकार 'डेटा एंट्री'चा: काम करून घेतात, चुका निघाल्या म्हणतात आणि कराराचा दंड भरा नाहीतर कोर्टात खेचू, अशी वकिलाच्या नावाची नोटीस धाडतात. तिसरा प्रकार नोंदणी शुल्क, प्रशिक्षण शुल्क, लॅपटॉपची अनामत. 'रिफंडेबल' हा शब्द ठळक अक्षरांत. नियम एकच: नोकरी देण्यासाठी जो पैसे मागतो त्याच्याकडे नोकरी नसते. ऑफर लेटर कंपनीच्या स्वतःच्या ईमेल पत्त्यावरून आलं का पाहा. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, ताबडतोब १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.

आणि एक गोष्ट थट्टा बाजूला ठेवून. 'थायलंडमध्ये डेटा एंट्री, जेवण-राहणं मोफत' अशा जाहिरातींना भुलून गेलेली आपली मुलं म्यानमारमधल्या म्यावाडीच्या बाजूला नेली गेली, पासपोर्ट काढून घेऊन त्यांच्याकडून इतरांना फसवण्याची कामं करून घेतली गेली. सरकारला त्यांना सोडवून आणावं लागलं. परदेशातल्या नोकरीसाठी मध्यस्थ असेल तर तो ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंदलेला आहे का, हे तिकीट हातात पडण्याआधी पाहा. टुरिस्ट व्हिसावर पाठवत असतील तर निघूच नका.

पाठ सातवा : वाट पाहणं

आता वही काढा. तारीख, कंपनी, पद, कुठून अर्ज केला, कुठला रेझ्युमे पाठवला, पुढे काय झालं. शेवटचा रकाना रुंद आखू नका.

त्या रकान्यात मी पहिल्या महिन्यात 'वाट पाहतोय' असं पूर्ण लिहीत असे. दुसऱ्या महिन्यात 'वा. पा.' झालं. नंतर नुसती आडवी रेघ. पोर्टलवर 'अर्ज पाहिला' असं दिसतं, म्हणजे कुणाचा तरी हात त्यावरून गेला. ईमेल येतो, पण ज्या पत्त्यावरून येतो त्याच्या नावातच 'उत्तर देऊ नये' असं लिहिलेलं असतं. काही जाहिराती तर जागा भरल्यावरही तशाच लटकत राहतात, गणपती उठल्यावर मांडव राहतो तशा. म्हणून महिन्याभरापूर्वीची जाहिरात असेल तर आधी कंपनीच्या स्वतःच्या पानावर ती आहे का पाहा. अर्ज शक्यतो पहिल्या दोन दिवसांत करा. आठवड्याने एकदा विचारा. दुसऱ्यांदा विचारू नका.

वडिलांची एक पत्र्याची पेटी आहे. दिवाळीत गावी गेलो तेव्हा त्यांनी ती उघडून दाखवली. आत नकाराची सोळा पत्रं होती, 'खेद वाटतो' अशी. सगळी सायक्लोस्टाइल केलेली, पण प्रत्येकाखाली निळ्या शाईत कुणाची तरी सही. "तुझ्याकडे किती आहेत?" त्यांनी विचारलं. मी एकशे बारा अर्ज केले होते. नकार चार, तेही यंत्राचे. वडील काही बोलले नाहीत. पेटी लावली आणि आईला चहा टाकायला सांगितला.

पाठ आठवा

हा अभ्यासक्रमात नव्हता. सातव्या महिन्यात एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला: "अरे, आमच्याकडे जागा निघतेय. जाहिरात यायचीय अजून." चौथ्या पाठात ज्याला तीन ओळी पाठवल्या होत्या, तोच हा. मुलाखती झाल्या, होकार आला आणि मग म्हणाले, नियमाप्रमाणे पोर्टलवरून अर्ज करा. रेझ्युमे अपलोड केला. तोच मजकूर चौकटींत पुन्हा भरला. 'मु. पो. तासगाव' यावेळी नीट तपासलं.

रुजू झाल्यावर तिसऱ्या दिवशी लिंक्डइनवर एका मुलाचा संदेश आला. आमच्याच कॉलेजचा. जाहिरातीचा क्रमांक, तीन ओळी, सोबत रेझ्युमे. दोन कॉलमांचा, ताऱ्यांसकट. मी वाचला आणि म्हटलं, रात्री निवांत उत्तर देऊ. मग मीटिंगा होत्या. मग शनिवार आला. अकराव्या दिवशी कपाट आवरताना वही हाती लागली आणि मी त्या आडव्या रेघांकडे पाहत राहिलो. कुठल्या तरी वहीत आज एक रेघ माझ्या नावावर होती.

तिथेच बसून लिहिलं: 'ती जागा भरली आहे, सध्या दुसरी नाही. उशिरा कळवतोय, चूक माझी. रेझ्युमे एका कॉलमात कर, तारे काढ. पुढची जागा निघाली की सांगतो.'

मिनिटभरात उत्तर आलं.

'सर, हा ऑटो-रिप्लाय आहे का?'