राबाईचा जमाखर्च

केनियात मिशनरी म्हणून जाणाऱ्या माणसाची पहिली अडचण अशी की, तिथे तारायला फारसं कोणी शिल्लक नाही. २०१९ च्या जनगणनेत ८५ टक्के लोकांनी आपला धर्म ख्रिस्ती असा सांगितला आहे. शास्त्रवचन रंगवलेल्या गाड्या तर इतक्या धावत असतात की, मोंबासात रस्ता ओलांडताना माणूस निदान एखाद्या स्तोत्राखाली तरी सापडावा.

पण मी निघालो होतो. बँकेतून निवृत्त होऊन घरी बसलो तेव्हा आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "घरात काडी हलवायची नसेल तर आफ्रिकेत जाऊन सेवा करा." मंडळीच्या ओळखीतून मोंबासाजवळच्या राबाईच्या एका पाळकसाहेबांकडे सोय झाली. सेवा नेमकी कसली, ते कोणीच विचारलं नाही. मीही नाही.

मोंबासाहून नैरोबीच्या रस्त्याला लागायचं, मझेरासला उतरायचं आणि तिथून नारळाच्या बागांतून राबाईकडे वळायचं. वाहन म्हणजे मटाटू. नियमाने चौदा माणसांची व्हॅन. नियम बाहेर लिहिलेला असतो, माणसं आत असतात. गाडी सुटताच दाराजवळचा एक तरुण उठला आणि घसा फोडून उपदेश करू लागला. शेवटी त्याने ड्रायव्हरसाठी प्रार्थना केली. गाडीचा वेग पाहता आयुष्यात इतक्या मनापासून मी "आमेन" म्हटलं नव्हतं. मग टोपी फिरली. मिशनरी मी, आणि अर्पणही मीच दिलं.

शेजारच्या आजीबाईंनी मला न्याहाळलं आणि विचारलं, "येशूला ओळखतोस का?"

म्हटलं, "आजी, आमचे पणजोबा ख्रिस्ती झाले होते."

"पणजोबांचं तारण झालं असेल. तुझं काय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मझेरास येईपर्यंत आजींनी मला सोडलं नाही. उतरताना एक केळं दिलं.

हे पुढे रोजचंच झालं. त्या किनाऱ्यावर हिंदुस्थानी माणूस म्हणजे दुकानदार, फार तर हार्डवेअरवाला. तो रविवारी चर्चमध्ये दिसला की लोक हळूच विचारत, "कधीपासून?" जणू मला काही दुखणं जडलं होतं. एकाने तर सिमेंटचा भाव विचारून घेतला. मी सांगितला नाही तेव्हा त्याला वाटलं, मी भाव वाढायची वाट पाहतोय.

खरं म्हणजे माझ्याकडे हुकमाचं पान होतं. मी नाशिकचा, शरणपूर रोडचा. राबाईत १८४६ साली क्राफ आणि रेबमन या जर्मन मिशनऱ्यांनी ठाणं मांडलं. रेबमनने १८४८ मध्ये किलिमांजारोवरचा बर्फ पाहिला आणि तसं कळवलं, तर विषुववृत्ताजवळ बर्फ कसला, म्हणून इंग्लंडातल्या विद्वानांनी त्याला वेड्यात काढलं. गृहस्थ जवळजवळ तीस वर्षं तिथे राहिला, आणि मंडळी जमली ती मूठभर. मधल्या काळात, १८६४ मध्ये, त्याच्या मदतीला माणसं आली, ती मुंबई-नाशिककडून! विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर. इंग्रजी आरमाराने गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं नाशिकच्या शरणपूर मिशनमध्ये वाढत, शिकत. हे दोघे त्यांतलेच. लिव्हिंग्स्टनचं शव खांद्यावरून समुद्रापर्यंत आणणाऱ्यांतला जेकब वेनराइटही नाशिकलाच शिकलेला. शरणपूर चालवणारे प्राइससाहेब पुढे मोंबासाला गेले आणि सुटलेल्या गुलामांसाठी त्यांनी वसाहत वसवली. तिला नाव दिलं फ्रेरटाउन, आपले मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेर यांचं!

हे सगळं मी क्राफच्या नावाच्या संग्रहालयासमोर उभं राहून मंडळीच्या वडीलधाऱ्यांना ऐकवलं. आवाज जरा चढलाच होता. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांतल्या काहींना ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. एक म्हातारबुवा म्हणाले, "म्हणजे नाशिकहून यायला तुम्हाला दीडशे वर्षं उशीर झाला. चहा घ्या."

सेवा काय निघाली? जमाखर्चाची वही. उपदेशाला तिथे माणसांची वाण नाही. दर तिसरा माणूस तासभर सहज बोलतो. मला एकदा संधी दिली. मी वीस मिनिटांत आटोपून खाली बसलो, तरी मंडळी माझ्याकडेच बघत राहिली. त्यांना वाटलं, प्रस्तावना झाली. पाळकीणबाईंनी संध्याकाळी काळजीने विचारलं, "पोट बरं आहे ना?" आणि भाताबरोबर नारळाच्या दुधातल्या घेवड्याऐवजी मला नुसती पेज वाढली. तेव्हापासून मी वहीच धरली.

वही पाहून माझ्या चष्म्याला घाम फुटला. अर्पण रोख येई, मोबाइलवरून एम-पेसाने येई, आणि उरलेलं पायांवर चालत येई. पैसे नसले की लोक अंडी, केळ्यांचा घड, नारळ, क्वचित बकरी आणत. उपासना संपली की अंगणात त्याचा लिलाव. हीच खरी उपासनेची रंगत. तीन तास पेंगणारी पोरंसुद्धा तेव्हा जागी होतात.

एका रविवारी एक तांबडी कोंबडी आली होती. तीनशे शिलिंगांपासून बोली सुरू झाली. मी उगीच चारशे म्हटलं. झालं! हिंदुस्थानी माणूस बोलतोय म्हणजे मालात काहीतरी आहे, अशी साऱ्या अंगणाची खात्री पटली. पाचशे, सहाशे, आठशे! शेवटी एका शिक्षकाने नऊशेला ती घेतली, पैसे मोजले, आणि कोंबडी पाळकसाहेबांना परत देत म्हणाला, "देवाला दिली." पुन्हा लिलाव. या वेळी महिला मंडळाने घेतली सातशेला, आणि पुन्हा दिली देवाला. तिसऱ्यांदा सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाचशेला घेतली आणि लोकलाजेस्तव मीही दिली. कोंबडी मात्र कंटाळून लिलाववाल्याच्या खुर्चीखाली बसली होती.

रात्री कंदिलाशी वही उघडली. तीन विक्र्या, जमा २,१०० शिलिंग, आणि कोंबडी शिल्लक एक. बँकेत असतो तर माझी चौकशी लागली असती. पाळकसाहेबांना विचारलं, "हे कुठल्या खात्यात टाकू?"

ते म्हणाले, "पाच भाकरी आणि दोन मासे. बारा टोपल्या उरल्या. कुणी व्हाउचर मागितलं होतं का?"

मी मुकाट्याने लिहिलं: किरकोळ जमा.