दाढेची डागडुजी

हाड मोडलं तर प्लॅस्टरमध्ये पडून राहतं आणि यथावकाश जुळून येतं. बोट कापलं तर कातडी आपली आपण भरून येते. यकृताचा तर भला मोठा तुकडा कुणाला काढून दिला तरी ते पुन्हा वाढतं. अशा कर्तबगार कुटुंबात दात तेवढा ढिम्म. खड्डा पडला की पडला.

त्याचं कारण कळलं तेव्हा मला दाताचा राग येईनासा झाला. दातावरचं इनॅमल हा शरीरातला सगळ्यात कठीण पदार्थ, हाडाहूनही कठीण. पण ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येता येताच नाहीशा होतात. म्हणजे बिल्डरने ताबा दिला आणि साइटवरचं ऑफिस गुंडाळून तो पसार झाला. पुढे गळती लागो नाहीतर भिंत खचो, सोसायटीने आपलं आपण बघावं. लाळेतलं कॅल्शियम किरकोळ झीज भरून काढतं, पण एकदा भगदाड पडलं की लाळ तरी काय करणार?

पहिल्या कायमच्या दाढेची गोष्ट तर आणखी करुण. ही बया सहाव्या वर्षाच्या सुमारास, कुठलाही दात पडायची वाट न बघता, दुधाच्या दाढांच्या मागे गुपचूप येऊन बसते. आईबापांना ती दुधाचीच वाटते. ‘पडणारच आहे, कशाला डॉक्टर?’ असं म्हणून तिच्यावर गोळ्या-चॉकलेटांचा मारा चालू राहतो. तोंडातले जंतू त्या साखरेचं आम्ल करतात आणि आम्ल इनॅमल विरघळवतं. यात किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, याला महत्त्व. एका बैठकीत चार जिलब्या हाणणारा त्यातल्या त्यात सुखरूप. दर तासाला चहात बिस्किट बुडवणारा सज्जन गोत्यात. मी बिस्किटवाला.

दाढ किडल्याची पहिली बातमी जिभेला लागते, आणि जिभेइतका अतिशयोक्त वार्ताहर दुसरा नाही. मोहरीएवढ्या खड्ड्याची ती विहीर करते. नको म्हटलं तरी दिवसभर तिथेच जाऊन कठड्यावरून वाकून बघते. मग घरचे उपाय सुरू होतात आणि लवंग दाढेखाली येते. यात आजीला हसायचं काही कारण नाही. लवंगेच्या तेलातल्या युजेनॉलने ठणका खरोखरच कमी होतो, आणि ते झिंक ऑक्साइडमध्ये कालवून दंतवैद्य तात्पुरतं सिमेंट करतात. दाताच्या दवाखान्यात शिरताच जो वास येतो, त्यात आजीचा बटवा असतो. फक्त तिला फी मिळत नाही.

‘काका, मोठ्ठा आ करा,’ असं म्हणून डॉक्टर मुलगी माझ्या तोंडात आरसा, कापूस आणि लाळ ओढणारी नळी ठेवते आणि मग विचारते, ‘गणपतीला गावी जाऊन आलात का?’ ओठ आणि जीभ जप्त झाल्यावर माणसाकडे फक्त स्वर उरतात. मी ‘आँऽ’ म्हणतो. ती म्हणते, ‘हो ना, यंदा हायवेवर फारच ट्रॅफिक होतं.’ सरावाने हे लोक काय वाटेल ते ओळखतात.

पूर्वी दातात चांदी भरत. त्या चांदीत जवळजवळ अर्धा पारा असे, उरलेल्यात चांदी, कथील आणि तांबं. मागच्या पिढीतलं माणूस खो खो हसलं की जबड्याच्या टोकाला काळपट काहीतरी चमकायचं. 2013 च्या मिनामाता करारात पाऱ्याला आळा घालायचं ठरलं, आणि आता दाताच्याच रंगाचं कॉम्पोझिट बऱ्याच ठिकाणी आलं आहे. ते जेमतेम दोन मिलिमीटरच्या थरांनी भरायचं आणि दर थर निळ्या उजेडाने पक्का करायचा. पण त्याआधी दाताला आम्ल लावतात! मला वाटलं, आता हे काय? ज्याने घर पाडलं त्यालाच दुरुस्तीचं कंत्राट? मायकेल ब्युनोकोर यांनी 1955 मध्ये दाखवून दिलेली ही युक्ती: फॉस्फोरिक आम्लाने इनॅमल खरबरीत केलं की भराव घट्ट धरतो. गिलाव्याआधी गवंडी भिंत टोचून घेतो, तसंच.

स्लोव्हेनियात साडेसहा हजार वर्षांपूर्वीचा एक जबडा मिळाला आहे. त्यातल्या चिरलेल्या सुळ्यावर मधमाशांचं मेण थापलेलं आहे. ते थापणाऱ्यानेही काही गप्पा मारल्या असतील काय?

शेवटी रंगीत कागद दाढांमध्ये धरून ‘चावा, घासा’ होतं. ‘उंच लागतंय का?’ अर्धा चेहरा बधिर असताना हा प्रश्न विचारण्यात काय अर्थ आहे, देव जाणे. खरं उत्तर संध्याकाळी भाकरी खाताना मिळतं.

निघताना मी, गिऱ्हाईक म्हणून हक्काने, लोंबत्या ओठाने विचारलं, ‘याची गॅरंटी किती वर्षांची?’

‘रात्री झोपताना दात घासता का?’ तिने उलट विचारलं.

तोंडात आता नळी नव्हती, कापूसही नव्हता. तरी मी म्हटलं, ‘आँऽ.’