श्टुटगार्टी बिऱ्हाड: नवशिक्यांसाठी सोपी पद्धत

ही मार्गदर्शिका चाकण किंवा हिंजवडीच्या कंपनीतून दोन-तीन वर्षांसाठी श्टुटगार्टला रवाना झालेल्या कुटुंबासाठी आहे. कुटुंब म्हणजे एक कर्ता, एक डिपेंडंट आणि एक-दोन मुलं. ज्याच्या नावावर व्हिसा निघाला तो कर्ता. बहुधा नवरा, अलीकडे क्वचित बायकोही. कर्त्याकडून आमची काहीच अपेक्षा नाही. तो उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाईल, तिथे सगळे त्याच्याशी इंग्रजीत बोलतील आणि संध्याकाळी घरी येऊन तो म्हणेल, "इथे अवघड असं काही नाहीच." पुढचा मजकूर डिपेंडंटने वाचायचा आहे.

आधी घर. जाहिरातीत तीन खोल्या म्हटलं की आपल्या हिशेबाने टू बीएचके समजावं, कारण इथे स्वयंपाकघर आणि बाथरूम खोल्यांत धरत नाहीत. रिकामं घर म्हणजे काय, हे मात्र पाहिल्याशिवाय कळायचं नाही. पुष्कळ घरांत ओटा नसतो, सिंक नसतं, छतातून दिव्याच्या जागी नुसत्या वायरी लोंबत असतात. आधीचा भाडेकरू स्वयंपाकघर उचकटून घेऊन गेलेला असतो, नाहीतर तेच तुम्हाला विकायच्या तयारीत असतो. विकत असेल तर मुकाट्याने घ्या. ट्रॉल्यांचा रंग बघू नका. नवं स्वयंपाकघर मागवून बसवून होईपर्यंत आठवडेच्या आठवडे जातात आणि तोवर बाथरूमच्या बेसिनमध्ये कुकर घासायची पाळी येते. कर्त्याचं यावर मत असेल की आपण आणखी दोन-चार घरं बघू. त्याला बघू द्या.

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात नोंदणी करायची, तिला आन्मेल्डुंग म्हणतात. त्यासाठी टेर्मिन, म्हणजे वेळ, मिळवावी लागते. तत्काळ तिकिटं काढण्याचा सराव इथे कामी येतो. बरोबर पासपोर्ट, लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, त्यांची अधिकृत भाषांतरं आणि 'ही मंडळी खरोखरच माझ्या घरात राहायला आली आहेत' असं घरमालकाच्या सहीचं पत्र. नुसता भाडेकरार दाखवून भागत नाही.

तिथल्या बाई तुम्हाला धर्म विचारतील. दचकू नका आणि प्रवचनही देऊ नका. नोंदणीकृत चर्चच्या सभासदांना या राज्यात प्राप्तिकराच्या ८ टक्के चर्च-कर वेगळा द्यावा लागतो, तेवढ्यापुरतीच ही चौकशी असते. 'हिंदू' म्हणा, विषय संपतो. हा हिशेब कळल्यावर कर्त्याच्या मनात स्वधर्माविषयी एकाएकी दाटून येणारा अभिमान शांतपणे पाहावा.

यापुढची पायरी सर्वांत महत्त्वाची: टपालपेटीवर नाव लावणं. जर्मनीत सहसा फ्लॅटला नंबर नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक आणि पेटीवरचं आडनाव, संपला पत्ता. 'बी विंग, तिसरा मजला, मारुतीच्या देवळासमोर' असल्या खुणांवर जगलेल्या माणसाला हे कळायला वेळ लागतो. पेटीवर आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. बँकेचं कार्ड पोस्टाने, त्याचा पिन वेगळ्या पाकिटात पोस्टाने, आरोग्यविम्याचं कार्ड पोस्टाने, ११ आकडी करक्रमांक पोस्टाने. लग्नानंतर तुम्ही माहेरचं आडनाव ठेवलं असेल, तर पेटीवर दोन्ही आडनावं हवीत. पट्टी बोटाच्या दोन पेरांएवढी. अष्टपुत्रे आणि सहस्रबुद्धे यांनी जागेचा अंदाज आधीच घ्यावा. चिकटपट्टीने लावलेला कागद तात्पुरता चालतो. पेटी सुरू झाली की सार्वजनिक रेडिओ-टीव्हीची वर्गणी मागणारं पत्र न चुकता येतं: दर घरटी महिना १८ युरो ३६ सेंट. आमच्याकडे टीव्हीच नाही, असं कळवायला जाऊ नका. टीव्ही आहे का, असं त्यांनी विचारलेलंच नाही.

आता फोडणी. इथल्या कायद्याने झोपायच्या खोल्यांत आणि बाहेर पडायच्या बोळात धूर ओळखणारे भोंगे सक्तीचे आहेत. मोहरी तडतडली, मिरची पडली की बोळातला भोंगा बोंबलतो, मूल रडतं आणि वरच्या मजल्यावर दार उघडल्याचा आवाज येतो. योग्य क्रम असा: आधी स्वयंपाकघराचं दार बंद, मग खिडकी सताड उघडी, मग तेल. जानेवारीत बाहेर उणे पाच असलं तरी हाच क्रम. खिडक्या तशाही दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडायच्याच असतात. किलकिल्या ठेवून भागत नाही. भिंत गार पडते, तिच्यावर आतला दमटपणा बसतो, बुरशी धरते, आणि त्या बुरशीला खिडकी न उघडणारा भाडेकरू जबाबदार, असं घरमालक म्हणतो. स्वेटर घालून भाजी परतायची सवय होते.

पोळ्यांसाठी सुपरमार्केटमधून ४०५ क्रमांकाचं पीठ आणू नका. पहिल्या आठवड्यात सगळे तेच आणतात, कारण ते सर्वांत स्वस्त आणि सर्वांत पांढरं असतं. तो आपला मैदा. पिठात कोंडा जितका जास्त तितका हा आकडा मोठा, म्हणून १०५० बघा, नाहीतर सरळ भारतीय दुकान गाठून आटा आणा. हे शनिवारीच उरकायचं. रविवारी दुकानं बंद असतात आणि 'कोपऱ्यावरून पटकन घेऊन ये' म्हणायला कोपऱ्यावर कोणी नसतं.

कचऱ्याबद्दल थोडक्यात सांगता येणार नाही. कागद वेगळा, ओला वेगळा, वेष्टनं पिवळ्या पिशवीत किंवा पिवळ्या डब्यात, उरलेलं चौथ्यात. काचेच्या बाटल्या रस्त्यावरच्या मोठ्या पेट्यांत, त्याही पांढऱ्या, हिरव्या, तपकिरी अशा निवडून आणि रविवारी मुळीच नाही, खळ्ळ आवाज होतो म्हणून. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत असते, ती मुलांच्या ताब्यात द्यावी. आठवडाभरात त्यांच्यातला व्यापारी जागा होतो. दह्याच्या डब्याचं चकचकीत झाकण डब्याला लोंबकळत ठेवू नका. पूर्ण सोलून सुटं टाका, कारण छाननीच्या यंत्राला चिकटलेल्या दोन वस्तू वेगळ्या करता येत नाहीत. आपल्याकडचा डबा धुऊन डाळीसाठी ठेवण्याचा मार्ग जास्त सोपा वाटेल. तो अवलंबायला हरकत नाही, पण तीन महिन्यांत कपाट भरतं. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी शहरं आहेत. टापटीप सगळ्या बहिणींत सारखी वाटली जात नाही, हे घरोघरी पाहिलेलंच आहे. उलट मध्यवर्ती रेल्वे स्टेशनाकडे गेलात तर पुणेकराला माहेरी आल्यासारखं वाटेल: २०१० पासून खोदून ठेवलंय.

मूल लहान असेल तर बालवाडीत सोडून पळता येत नाही. ते रुळेपर्यंत पहिले काही आठवडे आईने किंवा बाबांनी तिथे बसायचं असतं. 'किंवा बाबांनी' हे शब्द कर्त्याला मोठ्याने वाचून दाखवा. चिखलात खेळायची रबरी विजार यादीत आहे, ती चुकून छापलेली नाही.

शेवटचा धडा केअरवोखं, म्हणजे झाडलोटीचा आठवडा. हे खास श्वाबेन प्रांताचं दैवत. शहर स्वच्छ ठेवण्याचा नियम इथे १४९२ सालीच लिहिला गेला. कोलंबस तुम्हाला शोधायला निघाला होता, त्या वर्षी. नगरपालिकेने सक्ती १९८८ मध्ये उठवली, पण भाडेकरारांतून ती कुठेच गेली नाही. एका संध्याकाळी तुमच्या दाराला एक पाटी लटकलेली दिसेल. या आठवड्यात जिना तुमचा. झाडून, मग ओल्या फडक्याने पुसून, कठड्यासकट. तळमजल्यावरच्या आजी कठड्यावरून एक बोट फिरवतील आणि ते बोट बघतील. बोलणार काही नाहीत. बर्फ पडला तर फुटपाथही मोकळा करायचा, कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत.

आठवडा संपला की पाटी शेजारच्या दाराला अडकवा. बेल वाजवू नका. आजी जिन्यात भेटल्या की त्यांना नमस्कार-चमत्कार करत जा. कोणत्या दिवशी कोणता डबा बाहेर ठेवायचा हे त्यांना तोंडपाठ असतं, आणि तुमचं पहिलं कामचलाऊ जर्मन कुठल्याही क्लासपेक्षा त्यांच्याशीच बोलून तयार होईल.

कधीतरी ती पाटी कर्त्याच्या हाती द्या. पाच मिनिटांत जिना झाला, असं तो वर येऊन सांगेल. त्याला आजींकडे पाठवा. त्या तळघराचा जिना दाखवतील.